न फुटणारी काच

गेल्या महिन्यात एका रविवारी डभोईस जाण्याचा योग आला. बडोद्याहून डभोई म्हणजे जेमतेम तीस किलोमीटरांची वाट. परंतु जवळच्या गावी जाणेच माणूस नेहमी पुढे ढकलीत असतो. आमच्या लहानपणी नॅरोगेजची छोटी गाडी शेताशेतांतून डुलत डुलत डभोईस पोचे. आता तेथून मोठे रूळ गेले आहेत. जानेवारी २०२१ पासून केवडियाला जाणाऱ्या गाडीला काचेच्या छताचे डबेही जोडले गेले. याच डभोईहून मियागामच्या दिशेने १८६२ साली खंडेराव महाराजांनी आगगाडी सुरू केली, ती प्रथम बैल ओढीत असत. घातलेले रूळ इतके हलके होते की इंजिनाचा रोजचा भार त्यांना पेलवेना. पुढे रूळ भक्कम केल्यावरच इंजिने नियमाने धावू लागली. हलकेपणा स्वस्त पडतो, पण त्याचा हिशेब कोठेतरी चुकता करावा लागतो, हे डभोईने फार पूर्वीच पाहून ठेवले आहे. त्या दिवशी आतेभावाच्या अंगणात पाऊल ठेवताच हीच गोष्ट निराळ्या वेषात आमच्यापुढे येईल, याची मात्र आम्हांस कल्पना नव्हती.

आमचे हे आतेभाऊ, घरात सगळे त्यांना नाना म्हणतात, झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्र वाचीत होते. अंगणात त्यांची बारा वर्षांची मारुती उभी होती. तिच्या मागच्या डाव्या दाराचे आतले आवरण काढलेले होते, आणि तुळशीवृंदावनाला टेकून एक पारदर्शक तक्ता उभा करून ठेवला होता. चिरंजीव बडोद्याच्या कॉलेजात यंत्रशास्त्र शिकतात. ते हातात मोजपट्टी घेऊन त्या तक्त्यावर खुणा करीत होते. शेजारी गावातला एक मेकॅनिक उकिडवा बसून त्यांचे कौतुकाने पाहत होता.

हकीकत अशी कळली. आठवड्यापूर्वी केवडियाच्या रस्त्यावर रेतीच्या डंपरच्या चाकाखालून एक खडा उडाला आणि मागच्या दाराची काच क्षणात चूर होऊन आसनावर पडली. सुदैवाने मागे कोणी बसलेले नव्हते. सरदार पटेलांचा पुतळा ३१ ऑक्टोबर २०१८ रोजी खुला झाल्यापासून या रस्त्याची वर्दळ अतोनात वाढली आहे, तेव्हा असे खडे आता उडायचेच. यावर चिरंजिवांनी उपाय शोधला तो असा, की फुटलेल्या काचेच्या जागी काच बसवायचीच नाही. पॉलीकार्बोनेटचा तक्ता आणायचा, दाराच्या मापाने कापायचा आणि काचेच्या खाचेत सरकवून द्यायचा. एक दार झाले की उरलेली तीनही दारे त्याच रीतीने करावयाची.

“काका, काचेच्या निम्म्याहून कमी वजन! आणि फुटायचे नावच नाही. रेसच्या मोटारींत हेच बसवतात,” ते म्हणाले. मेकॅनिकने उरलेला एक तुकडा ओट्यावर ठेवून आमच्या हाती हातोडी दिली. आम्ही संकोचत एक घाव घातला. हातोडी उडून परत आली. दुसरा घाव अंमळ जोरात घातला, तरी तुकड्यावर एक पुसटसा पांढरा ठिपका उठला, एवढेच. “काका, आ तो तूटे ज नहीं!” मेकॅनिक हसून म्हणाला. नानांनी वर्तमानपत्रातून डोके वर काढले, आमच्याकडे एकवार पाहिले आणि पुन्हा खाली घातले. ते त्या वेळी काही बोलले नाहीत.

आता वाचकांस प्रामाणिकपणे सांगतो, आम्ही त्या तुकड्याने भारून गेलो होतो. पॉलीकार्बोनेट हा पदार्थ आहेच तसा. १९५३ साली जर्मनीत बायर कंपनीच्या हेरमान श्नेल यांनी आणि त्याच वर्षी अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकच्या डॅनिएल फॉक्स यांनी, एकमेकांच्या कामाची वार्ता नसताना, तो सिद्ध केला. चंद्रावर उतरलेल्या अंतराळवीरांच्या डोक्यावरचा पारदर्शक घुमट याचाच होता. आपल्या घरात तर तो केव्हाच शिरला आहे: गाण्यांच्या सीडी, मुलांच्या चष्म्याची न फुटणारी भिंगे, पिण्याच्या पाण्याचे पुष्कळसे वीस लिटरचे जार, आणि आजच्या बहुतेक मोटारींच्या पुढल्या दिव्यांवरची आवरणे, ही सारी याच कुळातली. काचेचे वजन पाण्याच्या अडीच पट, तर याचे सव्वा पटीहूनही कमी. तेव्हा चिरंजिवांचा दावा खोटा नव्हता.

परंतु दावा खरा असला तरी हिशेब मांडून पाहावा, ही जुन्या मास्तरांची शिकवण. वहिनींनी फुटलेल्या काचेचे कण सुपात गोळा करून ठेवले होते. ते आम्ही घरच्या काट्यावर घातले. काही रस्त्यावर सांडले असतील ते सोडून वजन भरले अडीच किलोंच्या आसपास. चिरंजिवांचा चार मिलिमीटर जाडीचा तक्ता त्याच मापाचा कापला तर दीड किलोपर्यंत जाणार. म्हणजे एका दारामागे किलोभर, चार दारे मिळून चार किलो वाचले. सातशे किलोंच्या मोटारीत चार किलो! आणि त्याच मोटारीच्या डिकीत नानांचा पाण्याचा भरलेला जार गेले दोन महिने तसाच पडून होता. त्याचे एकट्याचे वजन वीस किलो. चिरंजीव मुकाट्याने उठले आणि जार उतरवून स्वयंपाकघरात ठेवून आले. पेट्रोलची बचत तेवढ्यात पाचपट साधली, असे आम्ही म्हटले, तेव्हा प्रथमच झोपाळ्यावरून हसण्याचा आवाज आला.

मग आम्ही दोघे ओट्यावर बसून एकेक मुद्दा पाहू लागलो. त्यांनी पुस्तकातले आकडे सांगावेत आणि आम्ही अनुभवातले प्रश्न विचारावेत, असा क्रम होता.

पहिला मुद्दा ताठपणाचा. पॉलीकार्बोनेट फुटत नाही याचे कारण ते वाकते. काचेच्या मानाने ते सुमारे तीस पट लवचीक आहे. सारख्या जाडीची काच आणि तक्ता घेतला तर वेगात जाताना वाऱ्याच्या ओढीने काच जागची हलत नाही, तक्ता मात्र बाहेर फुगतो आणि रबरातून सुटू पाहतो. काचेइतका ताठपणा हवा तर जाडी तिपटीहून अधिक घ्यावी लागेल. चिरंजिवांनी गणित केले: तीन मिलिमीटर काचेच्या ताठपणासाठी नऊ मिलिमीटरांहून जाड तक्ता, आणि त्याचे वजन काचेच्या दीडपट! शिवाय एवढी जाडी दाराच्या खाचेत मावणारच नाही.

दुसरा मुद्दा उन्हाचा. तापल्यावर हा पदार्थ काचेच्या सात-आठ पट प्रसरण पावतो. साठ सेंटिमीटर लांबीची काच चाळीस अंशांच्या फरकाने मिलिमीटरच्या पाचव्या हिश्शाएवढी वाढते. तक्ता दीड मिलिमीटरांहून अधिक वाढेल. वैशाखात अंगणात उभ्या केलेल्या मोटारीला एवढा फरक रोजचाच. सकाळी खुळखुळणारी खिडकी दुपारी अडकून बसेल. हाताने फिरवायची असो की बटणाने चालणारी, काच वर-खाली करणारी यंत्रणा ही ओढाताण किती दिवस सोसणार?

तिसरा मुद्दा ओरखड्यांचा. काच कठीण, हा पदार्थ मऊ. आपल्याकडे दाराच्या रबरात आणि लोकरी पट्टीत काळ्या मातीची बारीक धूळ सदैव भरलेली. काच खाली-वर करताना ती धूळ तिच्यावर घासते आणि काच तिला भीक घालत नाही. हा तक्ता महिन्याभरात रेघारेघांनी भरून जाईल, आणि रात्री समोरच्या मोटारीचा झोत त्या रेघांवर पडला की सारे पांढरे धूसर दिसेल. यावर कारखान्यात सिलिकॉनच्या जातीचा कठीण लेप देतात हे खरे. फोक्सवॅगनने २०१३ साली दाखवलेल्या एक्सएल-वन या अवघ्या ७९५ किलो वजनाच्या मोटारीला पॉलीकार्बोनेटच्याच बाजूच्या खिडक्या होत्या. परंतु तेथे खिडकी, लेप, दार आणि मोटार या चारही गोष्टी एकमेकांसाठी घडवलेल्या होत्या. बाजारातून आणून करवतीने कापलेल्या तक्त्याला ती सोय नाही. त्यातून पेट्रोल, थिनर किंवा तीव्र अमोनियायुक्त द्रव याला लागला तर आतून बारीक तडे जातात. आणि ऊन लागून काय होते, ते पाहायला दूर जावयास नको. आम्ही नानांच्या मारुतीच्या पुढच्या दिव्यांकडे बोट दाखवले. बारा वर्षांत ते हळदीच्या पाण्यासारखे पिवळे झाले होते. नानांच्या जुन्या फियाटचे दिवे काचेचे होते. ती भंगारात गेली त्या दिवसापर्यंत ते लख्ख होते.

एवढ्या वादानंतरही चिरंजीव पुरते नमले नव्हते. आणि ते योग्यच होते. “काका, लेपाचा तक्ता मिळतो. रबर बदलता येईल. मागच्या दारांच्या खिडक्या न उघडणाऱ्या केल्या तर फुगण्याचाही प्रश्न नाही. पण खडा लागून डोळ्यात काच जाण्यापेक्षा न फुटणारे काहीही बरे नाही का?”

झोपाळा थांबला. नानांनी वर्तमानपत्राची घडी केली आणि शांतपणे विचारले, “आणि मग बाहेर कुठून पडायचे?”

अंगणात क्षणभर कोणीच बोलले नाही. चिरंजिवांस प्रश्नाचा रोख कळला नाही. आम्हांस मात्र कळला. वहिनींसही कळला असावा, कारण त्या सूप तसेच हाती धरून दारात उभ्या राहिल्या.

ही गोष्ट सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची आहे. चिरंजिवांचा तेव्हा जन्मही झालेला नव्हता. श्रावणातली संध्याकाळ होती. नाना फियाट चालवीत होते, आम्ही त्यांच्या शेजारी, आणि मागे वहिनी तीन वर्षांच्या मुलीला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बडोद्यातल्या एका रेल्वेच्या गरनाळ्यात पाणी साचले होते. पुढची मोटार निघून गेली म्हणून नानांनीही आपली घातली. मध्यावर येऊन इंजिन बंद पडले. आम्ही प्रथम हसलो. ढकलावी लागणार म्हणून पायजमे वर करू लागलो. पाहता पाहता पाणी दाराच्या मध्यापर्यंत चढले. आम्ही दार ढकलले, ते हलेना. खांदा लावला, तरी हलेना. आज हिशेब करून सांगतो: मीटरभर रुंदीच्या दारावर बाहेरून साठ सेंटिमीटर पाणी असले आणि आत ते शिरलेले नसले, तर त्या दारावर सुमारे १८० किलोंचा भार असतो. बसल्या जागेवरून तो कोण ढकलणार?

आमच्या बाजूच्या काचेची फिरवायची मूठ काही महिन्यांपूर्वी तुटली होती. “या रविवारी करून घेऊ” असे म्हणता म्हणता ती तशीच राहिली होती. आम्ही कोपराने काचेवर धक्के मारले. काच ढिम्म हलली नाही. कोपर मात्र पुढे पंधरा दिवस सुजले होते. तोवर नानांनी आपल्या बाजूची काच हाताने फिरवीत पुरती खाली केली. पाण्याचा लोट आत आला. वहिनींनी मुलीला पुढे दिले, नानांनी तिला खिडकीतून वर उचलून धरले आणि गरनाळ्याच्या काठाने उभ्या असलेल्या कोणा भल्या माणसाने गळ्याइतक्या पाण्यात उतरून तिला घेतले. त्यानंतर आम्ही तिघेही त्याच एका खिडकीतून बाहेर पडलो. त्या माणसाचे नाव विचारायचेही त्या गडबडीत राहून गेले. ती मुलगी आज स्वतः दोन मुलांची आई आहे, आणि आमच्या घराण्यात ही गोष्ट फारशी कोणी काढीत नाही.

नानांनी ती मोजक्या चार वाक्यांत मुलाला सांगितली. ती ऐकून झाल्यावर चिरंजिवांनी हळूच विचारले, “म्हणजे काच फुटायलाच हवी?”

“रोज नको. पण हवी तेव्हा फुटली पाहिजे,” नाना म्हणाले.

वाचकहो, दाराच्या काचेचे मर्म याहून थोडक्यात सांगता येणार नाही. मोटारीच्या दारांना बहुधा लावतात ती टफन्ड काच साधी नसते. ती सहाशे अंशांहून अधिक तापवून दोन्ही बाजूंनी थंड हवेच्या झोतांनी एकदम निववतात. त्यामुळे पृष्ठभाग आवळला जातो आणि गाभा ताणलेला राहतो. या आवळण्यानेच ती साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट होते. म्हणूनच आमच्या कोपराने तिचे काही वाकडे झाले नाही. परंतु कठीण आणि टोकदार वस्तूचा घाव, विशेषतः कोपऱ्याजवळ, पृष्ठभागाच्या आत पोचला की साठवलेला ताण एका क्षणात सुटतो आणि सबंध काचेचे बोथट कडांचे बारीक कण होतात. वहिनींनी ते सुपात हाताने गोळा केले आणि त्यांच्या बोटाला एक ओरखडाही नव्हता. बळकट असावे, पण फुटलेच तर कोणाला कापू नये, आणि वेळ आली तर बाहेरची वाट मोकळी करावी, असा तिचा धर्म आहे.

पुढची काच निराळी. ती दोन काचांच्या मध्ये प्लॅस्टिकचा पातळ पडदा घालून केलेली लॅमिनेटेड असते. तडकली तरी जागच्या जागी राहते. फ्रान्सचे एद्वार बेनेदिक्तुस यांच्या हातून प्रयोगशाळेतली एक कुपी पडली, आतल्या वाळलेल्या द्रावणाच्या थरामुळे ती फुटूनही विखुरली नाही, आणि त्यावरून १९०९ साली त्यांनी अशा काचेचे पेटंट घेतले, असे सांगतात. अलीकडे काही महागड्या मोटारींच्या बाजूच्या खिडक्याही लॅमिनेटेड असतात. पट्टा न बांधलेला माणूस अपघातात खिडकीतून बाहेर फेकला जाऊ नये, हा त्यामागचा हेतू उत्तम आहे. परंतु त्याचीही दुसरी बाजू आहे. अमेरिकेतील एएए या मोटारचालकांच्या संस्थेने २०१९ साली खिडकी फोडण्याची सहा साधने तपासली. त्यांपैकी चारांनी टफन्ड काच फोडली, लॅमिनेटेड मात्र एकालाही फोडता आली नाही. मग हातोडी जिच्यावरून उडून परत आली त्या पॉलीकार्बोनेटची काय कथा!

रेसच्या मोटारींत ते बसवतात, हे खरेच आहे. परंतु तेथे चालकाभोवती पोलादी सांगाडा असतो, अंगावर अनेक पट्टे असतात, आणि मैदानाच्या कडेला सुटकेची माणसे साधने घेऊन उभी असतात. आपल्या गरनाळ्याच्या काठी कोण उभे असते? दैवाने पाठवलेला एखादा भला माणूस, तोही असला तर. आणि आपल्या या भागाला पाण्याचे भय नवे नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीच्या पुराने बडोद्याच्या सोसायट्यांतून मोटारी बुडालेल्या आपण पाहिल्या. ९ जुलै २०२५ रोजी पादरा तालुक्यात महीवरचा गंभीरा पूल मोडून वाहने नदीत कोसळली, ती सकाळ बडोदा जिल्हा विसरणार नाही.

संध्याकाळी पाय मोकळे करण्यासाठी आम्ही चिरंजिवांसह हिरा भागोळेकडे गेलो. डभोईच्या किल्ल्याची ही पूर्वेकडची वेस. १ एप्रिल १७३१ रोजी या गावाजवळ बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांचे युद्ध होऊन दाभाडे पडले, आणि गुजरातेतल्या मराठी माणसाच्या इतिहासाला येथे वळण लागले. परंतु वेशीवरचे कोरीव काम त्याहून पाचशे वर्षे जुने, वाघेल्यांच्या काळचे. तिच्याखालून जाताना हिरा सलाटाची कथा कोणाला आठवणार नाही? चिरंजिवांनी ती आपणहून सांगायला घेतली. हिरा हा थोर शिल्पी. त्याने राजाचा दगड चोरून आपल्या प्रियेसाठी, तेनासाठी, तलाव बांधला. गावाबाहेरचा तेन तलाव तो हाच. राजाला हे कळताच त्याने हिऱ्याला भिंतीत जिवंत चिणण्याची आज्ञा केली. परंतु चिरेबंदीत एक फट राहिली होती. त्या फटीतून तेना रोज तूप ओतीत राहिली आणि हिरा जगला. पुढे वेशीचे अपुरे काम इतर कोणालाही पुरे करता येईना, तेव्हा राजाला पश्चात्ताप झाला आणि भिंत फोडून पाहिली तो हिरा जिवंत! कथा आहे, आणि कथेचे पाठही अनेक आहेत.

“लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी नेहमी तुपाचाच विचार करीत असे,” चिरंजीव म्हणाले. आणि मग बराच वेळ भिंतीच्या सांध्यांकडे पाहत उभे राहिले.

चार दिवसांनी त्यांचा फोन आला. मागच्या दाराला प्रमाणित टफन्ड काच बसवून घेतली होती. पॉलीकार्बोनेटचा तक्ता नानांनी वाया जाऊ दिला नाही. न्हाणीघराच्या पत्र्यात उजेडासाठी चौकट करून तो तेथे ठोकला आहे. तेथे त्याचा हलकेपणाही उपयोगी आणि न फुटणेही. पदार्थ वाईट नव्हताच. जागा चुकत होती.

आता थोडे कायद्याचे, कारण ते ठाऊक असणे बरे. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील शंभराव्या नियमानुसार खिडक्यांना सुरक्षा काचच असली पाहिजे. फुटली असता तिचे खोल जखम करणारे तुकडे होता कामा नयेत. पुढच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के, बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी काळ्या फिल्मांवर बंदी घातली ती याच नियमाच्या आधारे. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने ‘सुरक्षा काच’ या शब्दांच्या जोडीला ‘सेफ्टी ग्लेझिंग’ हे शब्द आले. तथापि तेही भारतीय मानकाला उतरलेले असले पाहिजे, अंगणात कापलेला तक्ता त्यात बसत नाही. आणि १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम, कंपनीने ठरवलेल्या मूळ रचनेत परस्पर बदल करण्यास मनाई करते. अपघातानंतर विम्याच्या कागदांवर हे प्रश्न उभे राहिले, तर उत्तर देणे अवघड जाईल.

यास्तव आमची वाचकांस एक विनंती. येत्या रविवारी मोटार धुताना प्रत्येक खिडकीच्या खालच्या कोपऱ्यातला बारीक शिक्का वाचा. तेथे काचेचा कारखाना आणि मानकाची खूण असते, आणि बहुधा ती टफन्ड की लॅमिनेटेड हेही लिहिलेले असते. घरातल्या प्रत्येकाला, मुलांनाही, कोणती खिडकी फुटणारी आहे ते दाखवून ठेवा. प्रत्येक काच पुरती खाली होते ना, ते पाहा. मूठ किंवा बटण बिघडले असेल तर पुढच्या रविवारची वाट पाहू नका. टोकदार पोलादी हातोडी डिकीत नव्हे, चालकाच्या हाताशी ठेवा. मोटार पाण्यात पडलीच, तर कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे प्राध्यापक गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी घालून दिलेला क्रम लक्षात असू द्या: आधी पट्टे सोडा, लगेच खिडकी उघडा किंवा फोडा, मुलांना प्रथम बाहेर काढा, मग आपण निघा. दाराशी झटत बसू नका, फोन लावीत बसू नका. हाताशी सुमारे एक मिनिट असते. आणि गरनाळ्यात पाणी दिसले तर, पुढची मोटार गेली म्हणून आपली घालू नका. हे शेवटचे आम्ही चाळीस वर्षे उशिरा लिहीत आहोत.

फोन ठेवता ठेवता चिरंजिवांनी आणखी एक गोष्ट सांगितली. काच बसवून झाल्यावर नाना झोपाळ्यावरून उठले, मोटारीत जाऊन बसले आणि चारही खिडक्या एकेक करून पुरत्या खाली-वर करून पाहिल्या. मग काही न बोलता परत येऊन वर्तमानपत्र उघडले.